पाचवीचा कागद

नागाळा पार्क, कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आये,

फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद लिहितेय. विजयसिंहनं माझा नंबर तुझ्या फोनातनं काढून टाकला असणार. माझ्या सख्ख्या भावाची अक्कल मला ठाऊक हाय, त्याचं नाव काढून मी तोंड कशाला कडू करू. हा कागद बाळाबाईच्या हातानं येईल. ती आमच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसती आणि संध्याकाळी मोकळी पाटी घेऊन बावड्याला परत जाती. घरात दुसरं कुणी नसंल तेव्हाच तुझ्या हातात द्यायचा, असं तिला बजावलंय. अक्षर मोठं काढलंय. तुझी चौथीपतुरची शाळा पुरंल, सावकाश वाच.

तुला कळलंय, हे मला ठाऊक हाय. बावडा इथनं तीन किलोमीटर. असली बातमी माणसाच्या आधी पोचती. माझी पोरगी पंधरा सप्टेंबरला गेली. अकरा दिवसांची होती. अवनी म्हणायचं ठरवलंतं आम्ही. केस तुझ्यासारखे, कपाळावर पार खाली आलेले.

माती दिली त्या दिवशी पास्टरसाहेब प्रार्थना करत होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि मी एकटी दफनभूमीच्या फाटकाकडं बघत हुबी. म्हटलं, लग्नाला आली न्हाई, पहिल्या बाळंतपणाला न्यायला आली न्हाई, पण मातीला येईल की. मातीला वैरीबी येतो. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की माझा जीव वर यायचा. दोन रिक्षा थांबल्या. एकीतनं माझी नणंद मोना उतरली, दुसरीतनं फुलवाला.

रागवायला लिहीत न्हाई, असं लिहिणार होते. खोटं कशाला बोलू? रागवायलाच बसलेय.

बाकी बरं हाय. आदर्श, तुझा जावई, शिरोलीला कामावर जायला लागलाय. सासूबाईंचं पाय दुखणं चालूच असतं, तीस वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात हुब्या राहिलेल्या. मी स्वयंपाक करते, जेवते, झोपते. अंगावर दूध अजून हाय. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी पाझरतं. त्याला औषध काय ते तुला ठाऊक असंल, बाळाबाईजवळ सांग.

तुझी
पुनी


३ नोव्हेंबर, भाऊबीज

आये,

बाळाबाई सांगत होती, तू कागद हातात घेतलास, दुमडून पोलक्यात घातलास आणि म्हशीच्या पाण्याला गेलीस. एक शब्द बोलली न्हाईस. दुधाच्या औषधाचं बी सांगितलं न्हाईस. राहू दे. ते आपोआप आटलं. त्या दिवशी मी न्हाणीत बसून लई रडले, कारण तिचं म्हणून जे काय होतं ते बी संपलं.

आज भाऊबीज. ओवाळायला भाऊ न्हाई, म्हणून हात मोकळा हाय, म्हणून लिहितेय. तुला एक सांगायचं हाय जे मी आदर्शला सांगितलेलं न्हाई, सासूबाईंना न्हाई, प्रार्थनेत देवाला सुद्धा न्हाई.

आधी हे आठव. रजिस्टर लग्न करून मी कपडे न्यायला आले, तेव्हा तू उंबऱ्यात हुबी होतीस. रडली न्हाईस. तू म्हणालीस, "जा. पर ध्यानात ठेव, त्या घरात सटवाई पाय ठेवायची न्हाई. तुझ्या लेकराच्या कपाळावर कोण लिवणार?" सगळ्या गल्लीच्या पाचव्या तू मांडतेस. कुणाच्या घरी बाळंतपण झालं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा, हळद-कुंकू, कोरा कागद आणि पेन मांडायला चिमणाबाईच पाहिजे. लहानपणी मी तुझ्या मागं मागं यायची आणि सकाळी कागद उघडून बघायची, सटवाईनं काय लिहिलंय ते. तू हसायचीस. "आपल्याला दिसत न्हाई गं ते," म्हणायचीस.

मी बाप्तिस्मा घेतला तो आदर्शसाठी न्हाई. ते तुम्हांला तसं वाटतं, वाटू दे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सातची घरची प्रार्थना चाललीती. मी मागं भिंतीला टेकून बसलते. सासूबाई डोळे मिटून एकेकाचं नाव घेत होत्या, आणि म्हणाल्या, "प्रभू, पूर्णिमाच्या आईला सांभाळ. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना जिना चढायला बळ दे." मी दचकले. तुझ्या गुडघ्यांचं मी कधीतरी बोलता बोलता बोलून गेलते. ज्या बाईला तू उंबऱ्यातनं शिव्या घातल्यास ती तुझ्या गुडघ्यासाठी रोज सांगत होती, एक दिवस चुकवत नव्हती. वर्षभर ऐकलं, मग मीच म्हटलं, मला बाप्तिस्मा द्या. मनापासनं घेतला, आये. आज बी मनापासनंच हाय.

आणि तरी अवनीच्या पाचवीला मी कागद ठेवला.

आदर्शच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला, फोडणीच्या डब्यातल्या हळदीचं बोट कोपऱ्याला लावलं आणि तिच्या दुपट्याखाली सरकवला. वर बॉलपेन ठेवलं. पाटा न्हाई, वरवंटा न्हाई, दिवा न्हाई. प्रभूला म्हटलं, तू तिकडं बघ जरा. दुसऱ्या दिवशी गावात गौरी आल्या. उठून दुपटं उचललं तर पेन तिथंच होतं, आणि कागद न्हाई.

त्याच दिवशी ती दूध कमी प्यायला लागली.

पुनी


२४ नोव्हेंबर, रविवार

आये,

घर पालथं घातलंय. पिठाचे डबे काढले, फळ्यांवरचे पेपर बदलायच्या निमित्तानं सगळ्या फळ्या उपसल्या, गाद्या उन्हात टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "नाताळची साफसफाई यंदा लवकर काढलीस, पूर्णिमा." मी हूं म्हटलं. कागद काही सापडला न्हाई.

आपण म्हणतो न्हवं, अमक्याच्या पाचवीलाच पुजलंय. माझ्या पोरीच्या पाचवीला काहीच पुजलं न्हाई. चोरून ठेवलेला एक कागद, तो बी कुणी उचलून नेला. कधी वाटतं, सटवाई आली, बघितलं तर पाटा न्हाई, पूजा न्हाई, आणि रागानं कागद घेऊन गेली. कधी वाटतं, प्रभूनं बघितलं की ही एका तोंडानं माझं नाव घेती आणि दुसऱ्या हातानं कागद सरकवती. अवनीचा बाप्तिस्मा डिसेंबरात व्हायचा होता. म्हणजे इकडच्या वहीत तिचं नाव न्हाई, तिकडच्या कागदावर अक्षर न्हाई. मग ती गेली कुठं, मला कोण सांगणार?

आणि आता दुसरंच सुरू झालंय. मला कुणीतरी लिहिताना ऐकू येतं. दुपारी, भांडी घासून झाली की, घर गप्प असतं तेव्हा. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज. थांबतो, पुन्हा सुरू होतो. एकदा मी कणीक मळायची थांबवून ऐकलं. म्हटलं, आता लिहितेयस व्हय, सटवाई? पोर गेल्यावर? आता काय लिहायचं ऱ्हायलंय बये तुझं? मोठ्यानं बोलले वाटतं, कारण आवाज थांबला. आदर्शला सांगितलं तर तो म्हणाला, "तू जरा मोनाकडे राहून ये." वेड लागलंय असं त्याला वाटतंय. मला बी वाटतंय.

सातच्या प्रार्थनेत आमच्यात प्रत्येकानं दोन वाक्यं तरी बोलायची रीत हाय. आधी सासूबाई, मग आदर्श, मग मी. सप्टेंबरपासनं माझी पाळी आली की मी गप्प बसते. ते दोघं डोळे मिटून वाट बघतात. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. मग सासूबाई हळूच आमेन म्हणतात आणि मी भात वाढायला उठते. एकदा सुद्धा त्यांनी मला विचारलं न्हाई, की बोलत का न्हाईस. हेच मला खातंय. तोंडाळ बाई, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणारी, आणि यावर गप्प. कुठंतरी पाणी मुरतंय.

तुझ्या गुडघ्यांचं मात्र त्या रोज सांगतात. अजून.

पुनी


२० डिसेंबर, शुक्रवार

आये,

कागद सापडला.

सकाळी सासूबाई चर्च सजवायला गेल्या, कागदी तारे लावायचे होते. तिथनं फोन आला, "माझा चष्मा राहिलाय, आदर्शबरोबर पाठव." चष्मा त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, असतो, वाचता वाचता खूण म्हणून तोच ठेवतात. उशाजवळचं शास्त्र मी कधी उघडत न्हाई, त्यांचं ते त्यांचं. चष्मा ओढला आणि घडी घातलेला कागद खाली पडला. कोपऱ्यावर माझं हळदीचं बोट.

उघडला. कोरा नव्हता, आये. लहानपणी तुझ्या मागं फिरून मी किती कागद उघडले, सगळे कोरे. माझ्या पोरीचा कागद लिहिलेला होता.

पेन्सिलीनं, सिस्टर लोक लिहितात तसं. मंगळवार, सकाळी ६, नव्व्याण्णव पॉइंट आठ, दूध कमी. १० वाजता, शंभर पॉइंट सहा. दुपारी ३, शंभर पॉइंट दोन. बुधवार सकाळ, एकशेएक, दूध घेतलं नाही. असंच खाली खाली गुरुवारपर्यंत, आणि शेवटी, ११ वाजता, नेली. गुरुवारीच गौरी-गणपतीचं विसर्जन होतं, गर्दीत दवाखान्याला न्यायला रिक्षा मिळंना, ते तुला कुणी सांगितलं असंल. आकडे इतके गिरवलेत, एकावर एक इतक्यांदा, की कागद फाटायला आलाय. दुपारची पेन्सिल मला कळली.

दुपारी सासूबाई परत आल्या. मी कागद टेबलावर मांडून बसलते. चपला सुद्धा काढल्या न्हाईत, तशाच खुर्चीवर टेकल्या.

"मी घेतला तो," म्हणाल्या. "सहाव्या दिवशी पहाटे. तिला बघायला आले, दुपट्याखालून टोक दिसलं. मला कळलं ते काय आहे. तीस वर्षं वॉर्डात काढलीत, प्रत्येक पाचवीला बायकांच्या उशाखालून असले कागद निघायचे."

"मग मला विचारलं का न्हाई?"

"राग आला होता. माझ्या घरात, माझ्या नातीच्या उशाला! मनात म्हटलं, आज नको, ओली बाळंतीण आहे. गुरुवारी पास्टरसाहेब येणार होते, त्यांच्यासमोर बोलेन. दोन दिवस मी तेच जुळवत होते, तुला काय बोलायचं ते." त्यांनी टेबलावरचा कागद जवळ ओढला. "तिचं अंग गरम लागलं तेव्हा तोच कागद हातात होता. सवयीनं त्यावरच लिहिलं. पूर्णिमा, मी हजार बायकांना सांगितलंय, महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला तर तासभर थांबू नका. आणि माझ्या घरात मी दोन दिवस थांबले. म्हटलं दुपटी जास्त झालीत. म्हटलं मी सिस्टर आहे, मला कळतं. माझं सगळं लक्ष त्या कागदावर होतं गं. तिच्यावर नव्हतं."

मी त्यांना मंगळवारी विचारलंतं, आये. म्हटलंतं, आई, हिचं अंग कोमट लागतंय. त्या म्हणाल्या, "काही नाही, गुंडाळलीयस किती." मी गप्प बसले, कारण त्या सिस्टर, आणि मी चोरून कागद ठेवलेली. तोंड वर करून भांडायची माझी छाती झाली न्हाई.

"आदर्शला सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. देवाला रोज सांगते."

"देवाला सांगून मला काय उपयोग?" मी ओरडले. शेजारच्या पूर्णवेळ टीव्ही बघणाऱ्या काकूंनी टीव्ही बारीक केला, एवढी ओरडले. "तीन महिने मी वेडी झाले! भिंती खरवडायच्या तेवढ्या ऱ्हायल्या! आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून आकडे गिरवताय!"

त्या वाकून चपला काढायला लागल्या, बंद सुटंना. मी सोडला न्हाई बंद. बघत हुबी राहिले.

पुनी


२४ डिसेंबर, मंगळवार

आये,

तीन दिवस घरात मी भांड्याशी बोलले, माणसांशी न्हाई. आदर्शला मीच सांगितलं, कागद हातात दिला. तो अंगणात जाऊन मोटारसायकल पुसत बसला, पुसलेलीच परत पुसली. आत आला आणि आईला म्हणाला, "तू मला तेव्हाच का नाही हाक मारलीस?" एवढंच. त्यावर ती बाई पहिल्यांदा रडली.

पण नाताळचा फराळ काही कुणासाठी थांबत न्हाई. आमच्यात तुमच्या दिवाळीसारखाच असतो, लाडू, चकल्या, करंज्या, आणि चाळीस घरी ताटं जातात. काल सकाळी बघते तर सासूबाई एकट्या पोळपाटापुढं, पाऱ्या जाड, सारण बाहेर येतंय. सात-आठ करंज्या तेलात फुटल्या. माझ्याच्यानं बघवंना. लाटणं हातातनं काढून घेतलं. "सरका," म्हटलं. मी लाटल्या, त्यांनी भरल्या, मी मुरड घातली, तुझी, बारीक, जवळजवळ. दुपारपर्यंत दोन ताटं भरली. मग त्या म्हणाल्या, "मला माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही." मी म्हटलं, "म्हणू नका. माफी अजून माझ्याजवळ न्हाई. आली की देईन." त्यांनी मान हलवली आणि पुढची पारी घेतली.

संध्याकाळी सातच्या प्रार्थनेत माझी पाळी आली. घड्याळ ऐकू यायला लागलं. मी बोलले. "प्रभू, ती पोर लई लहान हाय, तिला मान धरता येत न्हाई, नीट धर. तिच्या कपाळावर कुणी काय लिहिलं मला ठाऊक न्हाई. तू लिहिलं असशील, तर मला एकदा भेट. मला तुझ्याशी बोलायचं हाय." आदर्शनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. सासूबाई आमेन म्हणाल्या.

आता तुझं. बाळाबाई आज सकाळी बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या आईनं पाचव्या मांडायच्या सोडल्या की. सप्टेंबरापासनं कुणाच्या दारात जात न्हाई. पाटलाची सून दोनदा बोलवायला आली, तर चिमणाबाई म्हणती, माझा हात चांगला न्हाई." ऐकलं आणि हातातली मेथी खाली ठेवली मी.

व्हय गं आये? तीन किलोमीटरवर बसून तू बी हेच घोकत बसलीस व्हय? की तू उंबऱ्यात बोललीस म्हणून झालं? म्हणून फाटकात आली न्हाईस?

मग ऐक. मी म्हणत होते माझ्यामुळं, सासूबाई म्हणत होत्या त्यांच्यामुळं, आणि तू तिसरी. पोरीच्या रक्तात जंतू झालते, डॉक्टरांनी लिहून दिलंय. दोन दिवस आधी नेली असती तर वाचली असती का, हे त्यांनी लिहिलेलं न्हाई, आणि ते मला आणि सासूबाईंना जन्मभर पुरंल. पण त्या कागदावर तुझं अक्षर न्हाई, आये. मी खालपासनं वरपर्यंत वाचलाय. तू बोललीस ते वाईट बोललीस, त्याचा राग मला हाय, तो समोर बसून काढीन. पण पोर तुझ्या बोलण्यानं गेली न्हाई. तेवढं पोलक्यात घालून ठेव, आणि उद्यापासनं बोलावतील त्यांच्या पाचव्या मांड. त्या बायका वाट बघतात.

बाळाबाईबरोबर या कागदासंगट स्टीलचा डबा पाठवलाय. एकवीस करंज्या हायत. मुरड बघ, तुझीच हाय का सांग. सासूबाईंनी वरनं दोन लाडू घातलेत, गुळाचे, तुझ्या गुडघ्यांना बरे म्हणून डिंक घातलाय. खाऊ नको असं विजयसिंह म्हणंल. त्याला म्हण, करंजीला धर्म नसतो, आणि असला तर तो माझ्या आईनं शिकवलेला.

डबा मला परत पाहिजे, लग्नात मोनानं दिलेला हाय. शेजाऱ्याचा डबा रिकामा पाठवू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे तूच शिकवलंस.

तू स्वतः घेऊन आलीस, तर मात्र रिकामा चालंल.

तुझी
पुनी